कधीपासून, कधीपर्यंत

सोमवार, ९ सप्टेंबर

फोन सापडला. मुंगळ्याचा फोन — पुलाच्या कठड्यावर, नीट आडवा ठेवलेला. झाडूवाल्याला दिसला, त्याने चौकीत नेऊन दिला. हवालदार म्हणाला, "पाण्यात माणसं उतरवलीयत. तुम्ही घरी थांबा."

घरी थांबून काय करायचं! आई बाल्कनीत, बाबा आतल्या खोलीत, मी स्वयंपाकघरात. गुरुवारी संध्याकाळी तो गेला, तेव्हापासून या घरात कोणी कोणाशी धड बोललेलं नाही. दुधाची पिशवी आज कोणी आत घेतली नाही, उंबऱ्याशी नासली.

सव्वीस वर्षांच्या भावाला मुंगळा म्हणू नये, कळतं मला. पण लहानपणी माझ्या फ्रॉकला असा चिकटायचा की सोडवता सुटायचा नाही. तेव्हापासून तेच नाव.

मंगळवार, १० सप्टेंबर

कामावर गेले. म्हणतील, भाऊ बेपत्ता आणि ही बया संगणकापुढे! म्हणू देत. मला रात्रभर एकच गोष्ट सुचत होती — कार्ड.

मी बस कंपनीत, नोंदींच्या विभागात. त्यामुळे घरातल्या सगळ्यांना फुकट प्रवासाची कार्डं आहेत. चढताना यंत्राला लावायचं, उतरताना पुन्हा लावायचं. प्रत्येक वेळी आमच्याकडे नोंद पडते. मुंगळ्याच्या खिशात दमडी नव्हती, पण कार्ड होतं. तो कुठेही गेला तरी बसनेच जाणार.

आमच्या विभागात एक जुने गृहस्थ आहेत. अर्धं वाक्य बोलतात आणि थांबतात, म्हणून सगळे त्यांना अर्धविराम म्हणतात. मी काय करतेय ते त्यांनी पाहिलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. इतरांची कार्डं बघणं नियमात बसत नाही. त्यांनी उलट क्वेरी, म्हणजे संगणकाला विचारायचा प्रश्न, नीट लिहून दिली. मी घाईत तारखा खाली सात ठिकाणी खुपसल्या होत्या.

"असं नाही. वरती आधी एक तात्पुरता तक्ता बांध. त्यात दोनच रकाने — कधीपासून, कधीपर्यंत. त्याखाली दुसरा तक्ता, त्याच्या कार्डाच्या नोंदींचा. मग पहिल्यातून दुसरा गाळून घे. तारीख एकाच जागी राहते. नाहीतर मग..."

याला सीटीई म्हणतात. मी याआधीही लिहिल्यात, पण आज साधी ओळही धड जमत नव्हती. मी त्याला चाळणी म्हणणार. वर तारखांची चौकट, खाली दाणे.

शेवटच्या दिवसाची गोम मात्र मी स्वतः पकडली. 'कधीपर्यंत'मध्ये आजची तारीख घातली की आजच्या नोंदी येतच नाहीत. संगणक तारीख म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्र धरतो — दिवस उजाडायच्या आधीच दार लावून घेतो. म्हणून उद्याची तारीख घातली, अकरा सप्टेंबर, आणि 'त्याच्या आधीचं सगळं' असं लिहिलं. अर्धविराम म्हणाले, "शाबास. इथेच भलेभले..."

आधी जूनपासून बघितलं. बघायला नको होतं.

छापखान्यातली नोकरी त्याची जूनमध्येच गेली होती. आम्हाला सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, संध्याकाळी डबा रिकामा करून यायचा. दिवसभर नऊ नंबरच्या बसमध्ये. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा उलट. तीन महिने! आणि मी इथे याच खुर्चीत बसून 'नऊ नंबरला दुपारी गर्दी कमी' असे तक्ते काढून वरिष्ठांना देत होते. त्या कमी गर्दीत माझा भाऊ होता.

मग 'कधीपासून' बदलून पाच सप्टेंबर केलं, तो गेला तो गुरुवार. एकच ओळ आली. आमच्या कोपऱ्यावर चढला, पुलाच्या स्टॉपला उतरला. पुढे काही नाही.

बुधवार, ११ सप्टेंबर

गुरुवारचं लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल. जाणार नाही, पण लिहिते.

बाबांना न्हाव्याच्या दुकानात छापखान्याचा मालक भेटला. "मुलाला कुठे लागलं का काम?" असं सहज विचारलं त्याने. बाबा अर्धी दाढी झालेली तशीच ठेवून घरी आले. तीस वर्षं लेथवर घालवलेला माणूस, केसाइतका फरक त्यांना खपत नाही — लोखंडात नाही आणि माणसात तर नाहीच. मुंगळा आला, चपला काढत होता. बाबा म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याला इथे जागा नाही. या दारात पुन्हा उभा राहू नकोस."

त्याने चपला परत घातल्या. माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले असते तर? मला वाटलं, तासाभराने येईल. लहानपणी जिन्याखाली बसून राहायचा, तसा.

गुरुवार, १२ सप्टेंबर

अर्धविरामांनी माझी चाळणी साठवून पडद्यावर एक बटण करून दिलं. "रोज उघडून बघत बसू नकोस, त्रास होतो. दाबायचं आणि खाली उत्तर बघायचं. फक्त ती तारीख तेवढी तू..." एवढ्यात त्यांचा फोन वाजला. मग साहेबांनी बोलावलं. असंच असतं त्यांचं.

भला माणूस आहे. दाबलं. तीच एक ओळ.

शुक्रवार, २० सप्टेंबर

पाण्यातला शोध थांबवला. प्रवाह जोरात आहे म्हणे, खाली कुठे गेलं असेल सांगता येत नाही. 'गेलं असेल' — माणसाचं नपुंसकलिंग व्हायला किती वेळ लागतो बघा.

रोज सकाळी पिशवी खाली ठेवायच्या आधी बटण दाबते. कोपऱ्यावर चढला, पुलावर उतरला. तीच ओळ. पाठ झालीय, तरी वाचते.

रविवार, २२ सप्टेंबर

आई म्हणते, तिला तो दिसला.

संध्याकाळी बाल्कनीत बसली होती. आमची बाल्कनी स्टॉपच्या बरोबर समोर येते, मध्ये फक्त रस्ता. "तो स्टॉपवर उभा होता गं. वर बघत होता. दाढी वाढलीय त्याची." मी धावत खाली गेले. स्टॉप रिकामा. बाकावर एक वर्तमानपत्र फक्त.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू काय करतेस दिवसभर? उंटावरून शेळ्या हाकतेस. संगणकात बसून कुणी सापडतो का?" बोलून झाल्यावर स्वतःच भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांना जाऊन विचारावंसं वाटलं, तुम्ही काय केलंत हो दिवसभर? पण ते रोज चालत पुलावर जाऊन येतात, हे मला माहीत आहे. चपलांना चिखल असतो.

सोमवार, २३ सप्टेंबर

बटण दाबलं. कालचं काही नाही. तो आला असता तर बसनेच आला असता, आणि बसने आला असता तर नोंद असती.

घरी येऊन आईला समजावलं. हात हातात घेऊन, अगदी शांतपणे. "आई, माणसाचे डोळे चुकतात. नोंद चुकत नाही. मी रोज बघते." तिने माझा हात थोपटला. मग म्हणाली, "तू बघतेस म्हणजे बरोबरच असेल."

रविवार, ६ ऑक्टोबर

आई पडली.

पुन्हा तो दिसला म्हणे. यावेळी ती नुसती बसली नाही, अनवाणी जिना उतरत सुटली. शेवटच्या पायऱ्यांवरून घसरली. मी पोहोचले तेव्हा जिन्यात बसून रस्त्याकडे हात करत होती. "गेली बस. तो चढला. मला बघून चढला." मनगट मोडलंय.

डॉक्टर समजूतदार होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ज्याचा निरोप घेता आला नाही, तो माणूस दिसत राहतो. त्यांना उत्तेजन देऊ नका." झोपेच्या गोळ्या दिल्यात. मी त्यांनाही सांगितलं की कार्डाची नोंद नाही. त्यांनी मान डोलावली. आजकाल हे वाक्य मी सगळ्यांना सांगते, दुकानदारालासुद्धा.

सोमवार, ७ ऑक्टोबर

बाबांनी बाल्कनीचं दार बंद केलं. नुसती कडी नाही — कडीतून आरपार स्क्रू मारला, आईला काढता येऊ नये म्हणून. काम सुबक झालंय, अगदी बाबांसारखं. आई खुर्चीत बसून बघत होती. एकदाही 'नको' म्हणाली नाही.

खोलीत आता दुपारीही दिवा लावावा लागतो.

बुधवार, १६ ऑक्टोबर

चौकीतून बोलावणं आलं. हवालदाराने कागद पुढे केला. त्यात लिहिलंय: बहीण बस कंपनीत असून रोज नोंदी तपासते, कार्डाचा वापर झालेला नाही. म्हणजे माझ्याच शब्दावर त्यांनी तपास गुंडाळला. "तुमच्याकडून पक्कं आहे ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, पक्कं आहे.

बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. रडायलाही येईना.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

तीच ओळ.

शनिवार, २ नोव्हेंबर

मला झोप येते आणि तीच मला आवडत नाही. सुरुवातीला येत नव्हती, तेव्हा निदान काहीतरी चालू आहे असं वाटायचं. आता जेवते, झोपते, केस विंचरते. काल कँटीनमध्ये कुणाच्या तरी विनोदाला हसले. हसताना तोंड माझंच होतं.

रविवार, १० नोव्हेंबर

मामांनी ठरवलं की आता लोकांना भेटायला बोलवावं. "किती दिवस अधांतरी ठेवणार? ताईला यातून बाहेर काढायला हवं." ताई म्हणजे माझी आई. बाबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

फोटो मोठा करून घेतला. छापखान्यातलेही आले, मालकासकट. तो बाबांच्या समोर बसून चहात बघत राहिला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? पायताणांचा ढीग खालच्या दरवाज्यापर्यंत गेला होता. मुंगळ्याला एवढी माणसं ओळखतात हे त्याला तरी माहीत होतं का?

माझ्यावर बोलायची वेळ आली, तर मी काय बोलले? हेच — कार्ड एकदाही वापरलं गेलं नाही, मी रोज बघते. भावाबद्दल सांगायला माझ्याकडे एवढंच उरलंय.

आई रडली नाही. सगळे गेल्यावर फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दाढी कुठे आहे याची?" मामी तोंडाला पदर लावून आत गेली.

सोमवार, ११ नोव्हेंबर

सकाळी दाबलं. काल आख्खा दिवस माणसं त्याच्या नावाने रडली आणि ओळ आपली तीच. मूर्ख ओळ.

बुधवार, २७ नोव्हेंबर

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, रोज कार्ड बघते म्हणून ओरडणार. त्यांना ते केव्हापासून माहीत होतं. "मी काही म्हटलं नाही," त्या म्हणाल्या, "पण वर्ष संपतंय. कुटुंबाची कार्डं नवी होतील. जे... ज्यांचं कार्ड लागणार नाही, ते बंद करण्याचा अर्ज द्यावा लागतो. सोमवारपर्यंत दिलात तरी चालेल. सही केलीत की तुम्हालाही जरा मोकळं वाटेल." त्यांचा आवाज खरंच मऊ होता. चांगल्या माणसांचाच मला हल्ली जास्त राग येतो.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

अर्जावर सही केली. पिशवीत आहे. सोमवारी देईन.

बाबांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी पूर्ण वाचला आणि परत दिला. मग म्हणाले, "मी उभा राहू नकोस म्हणालो होतो. जा असं नव्हतो म्हणालो." आणि न जेवता उठले. पावणेतीन महिन्यांत पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलले. मला त्यांच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं. ताटं उचलत राहिले.

शनिवार, ३० नोव्हेंबर

दुपार. आई गोळी घेऊन झोपलीय.

कार्ड बंद झालं की बटणाचाही उपयोग नाही. तेव्हा ते बटण पुसून टाकायचं ठरवलंय. पण त्याआधी ही चाळणी एकदा इथे, आपल्या भाषेत उतरवून ठेवते. माझ्या भावाला शोधायला मी काय केलं, असं उद्या कुणी विचारलं तर दाखवायला एवढंच आहे माझ्याकडे.

पहिला तक्ता — चौकट. कधीपासून: पाच सप्टेंबर. कधीपर्यंत: अकरा सप्टेंबरच्या आधी.

दुसरा तक्ता — नोंदी. त्याच्या कार्डाच्या, चढल्याच्या आणि उतरल्याच्या, वेळेसकट.

मग पहिल्यातून दुसरा गाळून

अकरा सप्टेंबर.

अकरा सप्टेंबर मी हाताने घातली होती. त्या दिवशीचा 'उद्या' म्हणून. बटण केलं ते तिच्यासकट केलं. त्यानंतर क्वेरी उघडलीच नाही, नुसती दाबली. रोज सकाळी मी संगणकाला एकच गोष्ट विचारत होते — अकरा सप्टेंबरच्या आधी तो कुठे गेला? आणि संगणक बिचारा रोज इमानेइतबारे तेच सांगत होता.

मध्यरात्रीची बारकी गोम पकडली म्हणून शाबासकी घेतली मी! आणि अकरानंतरच्या एकाही दिवसाकडे मी बघितलेलं नाही. एकाही नाही. हवालदाराला पक्कं आहे म्हणाले. डॉक्टरांना सांगितलं. आईला सांगितलं. आई, तुला मी काय सांगितलं गं!

कदाचित तिथे काही नसेलही. ओळ तीच असेल. हे मला कळतंय. पण हात थांबत नाहीयेत.

विभागाला कुलूप आहे. अर्धविरामांना फोन लावला. मी नीट बोललेही नसेन, पण त्यांना कळलं. मग म्हणाले, "मी तुला सांगणार होतो. ती तारीख रोज बदलावी लागेल, म्हणून." आज पहिल्यांदा त्यांनी वाक्य पुरं केलं. गावाला लेकीकडे गेलेत, किल्ली त्यांच्याकडे आहे. रात्रीच्या गाडीने निघतो, सकाळी उघडून देतो म्हणाले.

आईच्या खोलीत जाऊन तिच्या पायाशी बसलेय. अजून तिला काही सांगितलेलं नाही.

रविवार, १ डिसेंबर

कंपनीतून लिहितेय. 'कधीपर्यंत'मध्ये उद्याची तारीख घातली.

ओळी आल्या. दर रविवारी, संध्याकाळी. नदीपलीकडे लाकडाच्या वखारीपाशी नऊ नंबरमध्ये चढतो, आमच्या कोपऱ्यावर उतरतो, मग उलट दिशेच्या पहिल्या बसने परत जातो. लोक भेटायला आले होते त्या रविवारी मात्र शेवटच्या बसने गेलाय. गेल्या रविवारीही आला होता.

अर्ज फाडला. बाबांना फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, बाल्कनीचा स्क्रू काढा, आईची खुर्ची बाहेर ठेवा, आणि संध्याकाळी तुम्ही स्वतः खाली जाऊन स्टॉपवर उभे राहा. फोन चालूच होता. पलीकडे हत्यारांचा खण उघडल्याचा आवाज आला.